फ्लॅशची लाल जाळी

हिंगोलीत मला कॅमेरा दुरुस्त करणारा म्हणून ओळखतात, पण खरं सांगायचं तर माझ्या हाताखालून कॅमेऱ्यांपेक्षा फ्लॅशच जास्त गेले. कॅमेरा बंद पडला की फोटोग्राफर घाबरतो, त्याला टॉवेलात गुंडाळतो आणि मोठ्या शहरात कंपनीकडे पाठवून देतो. फ्लॅश बंद पडला की मात्र तो चिडतो आणि माझ्याकडे येतो. लग्नाच्या हंगामात माझ्या दुकानात येणारा माणूस उभ्याउभ्याच बोलतो, कारण तिकडे नवरी हळदीला बसलेली असते आणि हा इकडे अडकलेला असतो.

मी मूळचा रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारा. ते दिवस गेले. मोबाइल माझ्या हाताला कधी रुचले नाहीत, फार बारीक आणि फार उर्मट. फ्लॅश जमला. दिसायला साधं, पण मनात राग धरून बसणारं यंत्र आहे ते. सेल काढून ठेवले तरी त्याच्या कंडेन्सरमध्ये वीज बसून राहते. सुरुवातीला एकदा मी बेफिकीरपणे आत बोट घातलं आणि स्टुलावरून थेट खाली आलो. तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आधी विचारायचं, मग बघायचं आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. लोकांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे उघडणं. माझी अर्धीअधिक दुरुस्ती विचारण्यातच झाली.

ज्यांनी फ्लॅश हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात त्या फ्लॅशच्या पुढच्या बाजूला, खाली, एक काळपट लाल काच असते. अंधारात कॅमेराही आपल्यासारखाच चाचपडतो. समोर नवरदेव आहे की मांडवाचा खांब, हे त्याला ठरवता येत नाही आणि लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते. अशा वेळी बटण अर्धं दाबलं की त्या लाल काचेतून रेघांची एक जाळी समोरच्याच्या अंगावर पडते. त्या रेघा धरून कॅमेरा फोकस पक्का करतो आणि बारीक बीप वाजतो. मग जाळी विझते आणि फोटो निघतो. फोटोत ती येत नाही. तिला कंपनीने काहीतरी लांबलचक नाव दिलंय, आमच्याकडे सगळे लाल जाळीच म्हणतात.

‘काका, जाळी पडत न्हाई,’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिची उत्तरं झोपेतही देईन. उजेडात ती पडतच नाही, अंधार लागतो. कॅमेरा पळत्या माणसाच्या फोकसवर लावलेला असेल तर पडत नाही. डोळा न लावता मागच्या पडद्यावर बघून फोटो काढत असाल तर बहुतेक कॅमेऱ्यांत पडत नाही. मेनूत कुणी ती बंद करून ठेवलेली असते. आणि आरसा नसलेले नवे कॅमेरे आले आहेत, त्यातले बरेचसे या जाळीला विचारतही नाहीत. नवा कॅमेरा आणि जुना फ्लॅश घेऊन आलेल्या माणसाला हे समजावताना मला नेहमी अपराध्यासारखं होतं, कारण त्याचा फ्लॅश चांगला असतो, फक्त कामाचा उरलेला नसतो.

आमच्या भागाचा खास बिघाड म्हणजे हळद. हळदीच्या कार्यक्रमात फोटोग्राफरला कोरडं ठेवायचं नाही, असा जणू करवल्यांचा पणच असतो. तेलातली हळद फ्लॅशच्या बुडाशी जिथे तो कॅमेऱ्याला जोडतो तिथल्या पिनांवर बसते आणि दोघांचं बोलणं तुटतं. नरसीच्या एका फोटोग्राफरचा फ्लॅश दर हंगामाला पिवळा होऊन यायचा. मी स्पिरिटने पिना पुसायचो आणि म्हणायचो, प्लास्टिकची पिशवी बांधत जा. तो म्हणायचा, पिशवी बांधली तर नवरीकडचे म्हणतील, फोटोग्राफरला लई मिजास आली.

कळमनुरीकडच्या एकाने तर लाल काचेवर काळी पट्टी चिकटवलेली होती, आणि फोकस होत नाही म्हणून तोच माझ्याकडे आला होता. मी पट्टी काढायला लागलो तर त्याने हात धरला. कुणाच्या तरी घरी शेवटचा फोटो काढायला त्याला बोलावलं होतं. खोलीत अंधार होता. ती लाल जाळी गेलेल्या माणसाच्या तोंडावर पडली आणि त्याची बायको किंचाळली. तेव्हापासून ती पट्टी होती. मी त्याला जाळी मेनूतून बंद कशी करायची आणि परत कशी लावायची ते दाखवलं. पट्टी त्यानेच काढली.

हे सगळं सांगितलं ते दत्तासाठी. दत्ता सेनगावच्या पलीकडच्या गावातला फोटोग्राफर. कमी बोलणारा, कामाला चोख. बाकीचे फोटोग्राफर ‘मान वर, मान खाली’ असं ओरडत असतात. दत्ता पुढे जायचा, नवरीच्या हनुवटीला एक बोट लावायचा आणि तोंड जिथे हवं तिथे आणायचा. लहान लेकरं त्याच्या कडेवर बसून फोटो काढून घ्यायची. त्या वर्षी तो फार वाळला होता. हंगामाची धावपळ असेल, असं मी धरून चाललो.

तो आला आणि नेहमीची तक्रार सांगितली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. सेटिंग त्याची बरोबर होती. त्याला ते शिकवायची गरज नव्हती.

“बीप वाजतो का?”

“वाजतो ना.”

“मग फोकस होतोय, दत्ता.”

“जाळी पडल्याबिगर कसा व्हईल काका?”

प्रश्न बरोबर होता. गच्च अंधारात जाळी न पडता बीप वाजणं मला पटेना. मी पिना पुसल्या, माझ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिला, जाळी पडली. बुडाची पकड ढिली असेल, कधी लागत असेल कधी नसेल, असा अंदाज करून मी पकड घट्ट केली आणि फ्लॅश परत दिला.

लग्नाच्या तिथी दाट होत्या. थोड्याच दिवसांत तो परत आला, भर दुपारी. सोबत बायको सुरेखा होती. तिला बांगड्या घ्यायच्या होत्या म्हणून ती पुढे गेली. दत्ताने फ्लॅश काउंटरवर ठेवला, जरा जोरातच.

“काका, तुमी काहीच केलं न्हाई. बाळापूरच्या लग्नात पाठवणीचे समदे फोटो गेले माझे.”

“गेले म्हणजे?”

“धुकं. समदं धुकं. उडवून टाकले मी. अण्णाला सांगितलं, फ्लॅशनं दगा देला.”

अण्णा म्हणजे आखाडा बाळापूरचे, ज्यांच्या मुलीचं ते लग्न होतं. आणि फोटो उडवणं ही आमच्याकडच्या फोटोग्राफरांची सवय आहे. लग्न उरकलं की घरी जाताना वाटेत गाडी लावायची, मागच्या पडद्यावर सगळे फोटो बघायचे आणि हललेले, धुरकट तिथेच पुसून टाकायचे. वाईट फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेलाच पडू द्यायचा नाही, यात त्यांना इज्जत वाटते. मला ही सवय कधी आवडली नाही, पण माझं ऐकतो कोण.

“कॅमेरा आणलाय का? वाईट फोटो एखादा ठेवलाय?”

त्याने कॅमेरा पुढे केला. “हे कालचे. बगा, एक बी धड न्हाई.”

मी पडद्यावर पाहिलं. एक करवली हसत होती. मी फोटो मोठा केला. तिच्या कपाळावरच्या टिकलीची कड दिसत होती, भुवईचा केसन् केस सुटा दिसत होता. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही. मला वाटलं, तो माझी परीक्षा घेतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे नुसता वैताग होता.

मी उठून दुकानाचं शटर ओढलं. आत अंधार झाला. त्याचाच फ्लॅश त्याच्याच कॅमेऱ्यावर चढवला आणि समोरच्या भिंतीकडे रोखून बटण अर्धं दाबलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल जाळी पडली, चांगली ठसठशीत. बीप वाजला.

दत्ता भिंतीकडेच बघत उभा होता. “दाबा ना काका,” तो म्हणाला.

मी परत दाबलं. जाळी परत पडली.

“दाबा की. काहून थांबले?”

“दाबलंय, दत्ता.”

मी शटर वर केलं. एवढी वर्षं मी बिघाड शोधतोय, पण असा बिघाड कधी सापडला नव्हता. काउंटरवर मीटरच्या दोन वायरी होत्या, एक लाल आणि एक काळी. मी त्याला म्हणालो, लाल वायर दे. त्याने दोन्ही उचलल्या, उजेडाकडे नेल्या, मागेपुढे केल्या. शेवटी त्याने मला काळी दिली आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच दुसरी पुढे केली.

“चष्मा लागला असंल,” तो म्हणाला. “हंगाम झाल्यावर दाखवतो.”

“आज दाखव.”

“उद्या लगीन हाय काका. परवा बी हाय.”

तेवढ्यात सुरेखा आली. तिने दोघांची तोंडं पाहिली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने बांगड्यांचा पुडा काउंटरवर ठेवला.

“गोळ्या देनाऱ्या बाईनं पैल्या दिशीच सांगितलं होतं,” ती म्हणाली, “नजरेत फरक पडला तर उगं बसू नका, लगेच या.”

“सुरेखा, गप.”

“काहून गप बसू? यांना टीबी झाला काका. गोळ्या चालू हायत. कुनाला सांगू देलं न्हाई यांनी, माझ्या मायला बी न्हाई.”

दत्ताने दाराबाहेर बघितलं, कुणी ऐकलं तर नाही. मग खालच्या आवाजात बोलायला लागला. लोकांच्या पंगतीत जेवावं लागतं. नवरीच्या तोंडाला हात लावावा लागतो. लोकांची लेकरं कडेवर घ्यावी लागतात. आता त्याच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. “पर लोकायला डॉक्टर जाऊन सांगनार हाय काय? एकदा टीबीवाला म्हनले, की मला मांडवात कोन उभं करंल?”

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. मला दुसरीच धास्ती होती. गोळ्यांमुळे असेल असं कळल्यावर हा माणूस घरी जाऊन सगळ्याच गोळ्या उकिरड्यावर फेकून देईल, असं मला वाटलं. मी म्हणालो, गोळी तुझ्या मनाने बंद करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चल. तो मान हलवत राहिला. उद्याचं लगीन, परवाचं लगीन.

सुरेखाने काउंटरवरचा कॅमेरा उचलला होता. पडद्यावर ती करवली अजून होती.

“ही कोन?” ती म्हणाली. “किती मस्त आलाय फोटो. डोळ्यातलं काजळ बी दिसून राहिलं.”

दत्ताने वळून पाहिलं. “काजळ दिसून राहिलं?”

“व्हय की. येक येक रेघ.”

त्याने कॅमेरा तिच्या हातून घेतला. नाकाजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. बराच वेळ तो ते करत होता आणि आम्ही दोघं नुसते बघत होतो. मग तो माझ्या स्टुलावर बसला.

“मंग अण्णाचे बी चांगलेच असतील,” तो म्हणाला.

सुरेखाने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तोच उठला आणि म्हणाला, चला काका, कुठं जायाचं ते.

दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी त्याला रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, डोळ्यांत औषध घालून आतला पडदा तपासला आणि टीबीच्या डॉक्टरांना तिथूनच बोलावून घेतलं. गोळ्यांमधली एक त्यांनी त्याच दिवशी काढली. बाकीच्या मात्र एकही दिवस न चुकता घ्यायच्या, हे दोघांनी आलटून पालटून बजावलं. ती गोळी क्वचित कुणाच्या नजरेच्या नसेला सोसत नाही आणि तेव्हा आधी लाल-हिरवा रंग फिका पडतो, असं बाईंनी समजावलं. दत्ताने विचारलं, परत दिसंल का? त्या म्हणाल्या, बऱ्याच जणांना दिसतं, लवकर आलं तर. तुम्ही अगदी लवकर आलात असं मी म्हणणार नाही, पण उशीर केलात असंही म्हणणार नाही. मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं.

दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला मी दुसरा फोटोग्राफर पाठवला. त्या घरी फोन मात्र दत्ताने स्वतः केला आणि कारण लपवलं नाही. त्याने का लपवलं नाही, हे मी विचारलं नाही. बातमी त्याच्या आधी गावी पोचली. त्या हंगामात त्याला परत कुणी बोलावलं नाही, आणि दिवाळीतही नाही. लोक वाईट बोलले असं नाही. लोक बोललेच नाहीत. भेटले की तब्येतीला जपा म्हणायचे आणि तिथी दुसऱ्याला द्यायचे. सुरेखा मजुरीला जायला लागली.

मी बाळापूरच्या फोटोंचं कार्ड त्याच्याकडून मागून घेतलं होतं. पुसलेले फोटो कधीकधी कॉम्प्युटरवर परत काढता येतात, पण त्यावर नवे फोटो काढलेले नसतील तरच. दत्ताने त्यानंतर त्याच कार्डावर लग्नं काढली होती. तरी मी बरेच दिवस खटपट केली. पाठवणीचा म्हणावा असा एकच तुकडा निघाला. वर मांडवाची झालर आणि खाली सगळा करडा पट्टा. तो मी दत्ताला दाखवला. मला दाखवायला नको होता असं नंतर वाटलं.

महिने गेले तशी त्याची नजर सुधारली. आधी मोठी अक्षरं, मग बसची पाटी, मग पेपर. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला आणि खोकला पूर्ण गेला. लाल रंग मात्र नीट परतला नाही. कुंकू त्याला आजही मातकट दिसतं.

वाचता यायला लागल्यावर तो दुकानात आला आणि म्हणाला, “काका, बाळापूरला जायाचं हाय. तुमी संग या. मला कार्डाचं सांगता येनार न्हाई.” आम्ही तिघं एसटीने गेलो. सुरेखाने कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेतली होती. बॅग कशाला, असं मी विचारलं तर दत्ता म्हणाला, असू द्या.

अण्णा ओसरीवर तूर निवडत बसले होते. साठीचा, भारी अंगाचा माणूस. घरात गडबड होती. मुलगी माहेरी आलेली होती आणि नेमकी त्याच दिवशी सासरी परत निघाली होती, तिला न्यायला जीप यायची होती. दत्ताने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टीबीचं, डोळ्यांचं, आणि फ्लॅशने दगा दिला असं खोटं सांगितल्याचं. “फोटो चांगले होते अण्णा. मीच उडवले.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्डाचं सांगितलं, आता काही निघणार नाही हेही सांगितलं. ते तूर हातात खेळवत राहिले. आतून चहा आला, कागदी कपांत. सगळ्यांनाच कागदी कपांत आला, म्हणून कुणाला काही म्हणता येईना. दत्ताने तो शांतपणे पिऊन संपवला आणि कप चुरगळून स्वतःच्या खिशात ठेवला.

अण्णांनी ते पाहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, “कॅमेरा आनलाय जनू.”

“व्हय.”

“आज बी ती जाऊनच राहिली की. काढ.”

जीप आली. मुलगी उंबऱ्याशी बापाच्या पाया पडली. अंधारी ओसरी, बाहेर संध्याकाळ. दत्ताने कॅमेरा डोळ्याला लावला. सुरेखा त्याच्या खांद्याशी उभी होती. अण्णांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग त्यांना काही आवरेना. दत्ता पुढे झाला, पण हनुवटीला बोट लावायला गेला नाही. होता तिथूनच त्याने फोटो काढले.

जीप गेल्यावर अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि विचारलं, “आला का नीट?”

दत्ताने पडद्याकडे बघितलंच नाही. कॅमेरा सुरेखाकडे दिला. तिने एकेक फोटो नीट पाहिला, एकही पुसला नाही आणि कॅमेरा अण्णांच्या हातात ठेवला. अण्णा फोटोकडे बघत राहिले.

“त्या दिशी बी मी असाच दिसत होतो का रे?” त्यांनी विचारलं.

दत्ता म्हणाला, “मला त्या दिशी दिसत नव्हतं अण्णा. तुमचं रडनं ऐकू आलं, म्हनून बटन दाबलं होतं.”

अण्णांनी मान हलवली. मग आत वळून सुनेला म्हणाले, या लोकांची ताटं वाढ, माझ्या ताटाशेजारी.